दोन वर्षांत नर्सिंगची पदवी: घ्यावी का, आणि घेतली तर निभवावी कशी



गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे जे प्रश्न आले, कुणी बैठकीत विचारले, कुणी फोनवर, एकीनं तर बाजारात भाजीच्या पिशव्या हातात असतानाच गाठलं, त्यातले बरेचसे एकाच गोष्टीचे होते. घरातली मुलगी किंवा सून जीएनएम झालेली आहे. तालुक्याच्या दवाखान्यात काम करते. आणि आता म्हणते, दोन वर्षांचं पुढचं शिक्षण घेऊन मला बी.एस्सी. नर्सिंग व्हायचंय. गटातून कर्ज मिळेल का? नातवाला कोण सांभाळणार? आणि एवढं करून हाती काय येणार? आजचं बोलणं त्यावरच आहे.

आम्ही काही नर्स नाही, गटांच्या सहयोगिनी आहोत. पण अशा मुलींबरोबर सेतू केंद्रात बसणं, अर्ज भरणं, बँकेच्या साहेबांसमोर उभं राहणं, त्यांच्या सासूबाईंची समजूत काढणं, ही कामं आमच्याच वाट्याला येतात. त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. गावात सगळ्यांनाच आपण 'सिस्टर' म्हणतो, पण शिक्षण वेगवेगळं असतं. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. बारावी झालेल्या मुलीला करता येतो, कला शाखेची असली तरी चालते. आपल्या उपकेंद्रात लसीकरणाला येणाऱ्या आरोग्यसेविका बहुतेक याच. जीएनएम हा तीन वर्षांचा, मोठ्या दवाखान्यातल्या अधिपरिचारिकेचा अभ्यासक्रम. यालाही कला शाखेची बारावी चालते, फक्त इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात. आणि बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. तिला मात्र बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवंच.

म्हणजे बघा, जिनं बारावी कला शाखेतून केली तिला पदवीचा सरळ दरवाजा बंद. पण एक बाजूचा दरवाजा आहे. त्याचं नाव पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. जीएनएम झालेली आणि परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली नर्स यात प्रवेश घेते आणि चारऐवजी दोन वर्षांत पदवी मिळवते. हे काही नवं खूळ नाही. केरळात त्रिवेंद्रमला १९६३ साली अशी दोन वर्षांची पदवी पहिल्यांदा सुरू झाली. आपल्याकडे नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ या परीक्षा घेतं.

दोन वर्षं कमी होतात ती सवलत म्हणून नव्हे. तीन वर्षं वॉर्डात घासलेली मुलगी इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग, बाळंतपण हे शिकूनच आलेली असते, म्हणून. पण जे उरतं ते दाबून भरलेलं असतं. पहिल्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, आहारशास्त्र, मानसशास्त्र, माता आणि बाल परिचर्या, इंग्रजी. दुसऱ्या वर्षी समाजशास्त्र, सामुदायिक आरोग्य, मानसिक आरोग्य, शिकवायचं कसं, वॉर्डचा कारभार चालवायचा कसा, संशोधन आणि संख्याशास्त्र. हात चालवायचं शिक्षण झालेलं आहे, आता डोकं चालवायचं, असा साधारण हिशेब.

इथं एका गैरसमजाबद्दल बोललं पाहिजे. अमेरिकेत ज्यांच्याकडे दुसऱ्या कुठल्या विषयाची पदवी आधीच आहे, त्यांना साधारण बारा ते अठरा महिन्यांत नर्सिंगची पदवी घेता येते. तिकडे गेलेल्या आपल्या काही मराठी मुलीही ती वाट धरतात. मग गावात बातमी येते, 'अमक्याची मुलगी बी.कॉम. होती, दीड वर्षात नर्स झाली.' तसं इथं होत नाही. आमच्यासारखी बी.ए. झालेली बाई उद्या नर्सिंगला गेली, तर तिला पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागेल. बी.ए.मुळे एक दिवससुद्धा कमी होणार नाही. भारतात वर्षं कमी होतात ती फक्त आधी जीएनएम असेल तर. एएनएम झालेली मुलगीही जीएनएमला जाऊ शकते, पण तिलाही पहिल्या वर्षापासूनच बसावं लागतं.

म्हणून एसटी स्टँडच्या भिंतीवर 'सहा महिन्यांत नर्स व्हा', 'घरबसल्या एक वर्षात नर्सिंग' असं वाचलं की तिथंच थांबायचं. रुग्णसेवा सहायकाचे छोटे कोर्स असतात, ते वाईट नाहीत, त्यातून दवाखान्यात काम मिळू शकतं. पण त्यानं कुणी नोंदणीकृत नर्स होत नाही. नोंदणी मिळणारा सगळ्यात छोटा कोर्स दोन वर्षांचा एएनएम. त्याहून कमी काळाचं कुणी विकत असेल तर तो नर्सिंग विकत नाही, कागद विकतोय. आमच्या भागातल्या एका मुलीच्या वडिलांनी अशा कागदासाठी शेळ्या विकल्या. तो कागद घेऊन ती जिल्हा परिषदेच्या भरतीला गेली तेव्हा अर्जसुद्धा भरता आला नाही.

आता मुख्य प्रश्न. ही दोन वर्षांची पदवी घ्यावी का?

आम्ही सगळ्यांना एकच उत्तर देत नाही. आधी मुलीला विचारतो, पदवी घेऊन तुला नेमकं कुठं जायचंय? 'पुढं शिकायचंय' एवढं उत्तर पुरेसं नाही. पदवीमुळे काही दरवाजे नक्की उघडतात. नर्सिंगच्या शाळेत-कॉलेजात शिकवायचं असेल, तर पदवी आणि वर्षभराचा अनुभव लागतो. पुढं एम.एस्सी. नर्सिंग करायचं असेल, तर पदवीशिवाय इलाज नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या सुधारलेल्या उपकेंद्रात, समुदाय आरोग्य अधिकारी नेमतात. तिथं आयुर्वेदाच्या डॉक्टरांबरोबर बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांनाही घेतात. ते काम गावातच असतं, लहान मूल असलेल्या बाईला सोयीचं. पण ते कंत्राटी आहे हेही लक्षात ठेवायचं.

आणि काही ठिकाणी पदवी नसूनही अडत नाही. सरकारी दवाखान्यातल्या अधिपरिचारिकेच्या भरतीला जीएनएम चालते. एवढंच काय, एम्ससारख्या मोठ्या केंद्रीय रुग्णालयांच्या परिचर्या अधिकारी भरतीत बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक झालेली मुलगी चालते, तशी जीएनएम झालेली आणि किमान ५० खाटांच्या दवाखान्यात दोन वर्षं काम केलेली मुलगीही चालते. नीट ऐका हं. तिकडेही दोन वर्षं, इकडेही दोन वर्षं. एक पगार सोडून शिकण्यात घालवायची, दुसरी पगार घेऊन काम करण्यात. जिला फक्त सरकारी नोकरीची परीक्षाच द्यायची आहे, तिनं या दोन वर्षांची तुलना केल्याशिवाय फी भरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ती सध्या दहा-पंधरा खाटांच्या दवाखान्यात असेल, तर आधी मोठ्या दवाखान्यात नोकरी बघावी आणि अनुभवाचं पत्र खाटांच्या संख्येसकट लेखी घ्यावं. ही संख्या पत्रात नसल्यामुळे अडलेल्या मुली आम्ही पाहिल्यात.

खासगी दवाखान्यातल्या पगाराचंही तसंच. काही मोठी शहरी रुग्णालयं पदवीला जास्त पगार देतात. तालुक्याचे छोटे दवाखाने बहुधा देत नाहीत. ज्या दवाखान्यात पुढं काम करायचं मनात आहे, तिथं जाऊन सरळ विचारावं, 'जीएनएमला काय देता आणि बी.एस्सी.ला काय देता?' विचारायला पैसे पडत नाहीत.

आता पैशाचा हिशेब मांडू. हिशेब म्हटलं की आपल्या गटातल्या बायकांना कुणी शिकवायला नको, पण एक आकडा मात्र सगळ्याजणी विसरतात. फी सगळ्यांना दिसते. बुडालेला पगार दिसत नाही. समजा सुनेला आज महिन्याला पंधरा हजार मिळतात. नोकरी सोडून दोन वर्षं शिकली, तर चोवीस महिन्यांचे तीन लाख साठ हजार रुपये घरात येणार नाहीत. वर फी, वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तकं, येण्याजाण्याचा खर्च. पदवीनंतर पगार महिन्याला पाच हजारांनी वाढला असं धरलं, तर नुसता बुडालेला पगार भरून निघायलाच बहात्तर महिने, म्हणजे सहा वर्षं लागतील. ती पंचविशीची असेल तर सहा वर्षं जड नाहीत, पुढं तीस वर्षं काम करायचंय. पण अंगावर आधीच घराचं किंवा ट्रॅक्टरचं कर्ज असेल, तर हा आकडा नवरा-बायको दोघांनी मिळून बघितला पाहिजे. सून सरकारी सेवेत असेल, तर नोकरी सोडण्याआधी अध्ययन रजेबद्दल कार्यालयात लेखी अर्ज करावा. तोंडी उत्तरावर राहू नये.

आणि गटाचं कर्ज? इथं आमचं म्हणणं काहींना आवडत नाही, तरी सांगतो. सगळी फी गटाच्या अंतर्गत कर्जातून भरू नये. आपल्या बऱ्याच गटांत महिना दोन टक्के व्याज आहे. पन्नास हजार उचलले की पहिल्या महिन्याचं व्याज हजार रुपये. शिकणाऱ्या मुलीला उत्पन्न नाही, म्हणून घरच्यांनी नुसतं व्याज भरत ठेवलं, तर चोवीस महिन्यांत चोवीस हजार जातात आणि मुद्दल पन्नासचं पन्नास हजार तसंच उभं. गटाचं कर्ज शेळी, शिलाई मशीन, बियाणं अशा कामासाठी चांगलं, कारण त्याचे पैसे लवकर फिरतात. शिक्षणाचे पैसे सावकाश फिरतात. त्यासाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज आहे. त्यात शिकण्याचा काळ आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. व्याज मात्र तेव्हाही चढत असतं, म्हणून जमेल तसं व्याज भरत राहिलेलं बरं. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत, आई-वडील किंवा नवरा सहकर्जदार लागतो. बँकेनं नाही म्हटलं तर कारण लेखी मागा. गटाचं कर्ज घ्यायचंच तर गणवेश, पुस्तकं, वसतिगृहाची अनामत अशा छोट्या गोष्टींसाठी, आणि वर्षात फिटेल एवढंच.

त्याआधी शिष्यवृत्ती आणि फीमाफीचं बघावं. अनुसूचित जातीच्या मुलींना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. पण ते सरकारी प्रवेश फेरीतून प्रवेश घेतलेल्यांना. कॉलेजच्या व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला नाही. आणि मेस, वसतिगृह त्यात येत नाही. म्हणून फी भरण्याआधी महाडीबीटीवर त्या कॉलेजचं आणि त्याच अभ्यासक्रमाचं नाव आहे का, हे सेतू केंद्रात बसून डोळ्यांनी बघा. 'आमच्याकडे सगळं माफ होतं' असं कॉलेजचा माणूस फोनवर सांगतो, त्याला काही अर्थ नाही.

लग्न झालेल्या मुलीची अडचण वेगळीच. जातीचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, जीएनएमचं प्रमाणपत्र हे सगळं माहेरच्या नावाचं. आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक सासरच्या नावाचं. अर्ज इथंच अडकतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच काढून ठेवा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर यांनाही वेळ लागतो. प्रवेशाची तारीख जाहीर झाल्यावर तहसीलला पळणाऱ्या आणि आधीच पिशवीत दाखले तयार ठेवणाऱ्या मुलींमध्ये फार फरक पडतो. त्या वर्षी प्रवेश परीक्षा आहे की गुणवत्ता यादी, वयाची अट काय, हे त्याच वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचायचं. मागच्या वर्षी शेजारणीच्या मुलीचं कसं झालं त्यावर विसंबू नका, नियम बदलत असतात.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका, दवाखाना बघा. कॉलेजला स्वतःचा दवाखाना आहे का, तिथं खरोखर रुग्ण असतात का, बाळंतपणं होतात का? एका कॉलेजात आम्ही गेलो तर फरश्या चकचकीत, संगणक नवे आणि वॉर्डात पलंगांवर गाद्यांचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. तिथून निघाल्यावर चहाच्या टपरीवर विचारलं, तो म्हणाला, 'तपासणी आली की माणसं आणून झोपवतात.' टपरीवाला खोटं बोलत असेलही, पण प्लास्टिक आम्ही पाहिलं. कॉलेजला विद्यापीठाची संलग्नता आणि परिचर्या परिषदेची मान्यता त्या चालू वर्षासाठी आहे ना, हेही तपासा. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. मंजूर फी किती ते विचारा, आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. मूळ कागदपत्रं पडताळणीसाठी दाखवायची. ठेवून घेत असतील तर त्याची यादी करून सही-शिक्क्याची पोच घ्यायची.

एवढं सगळं करून प्रवेश घेतला. मग निभवायचं कसं?

पहिला धक्का गुणांचा बसतो. बारावीला ३५ला पास व्हायची सवय. इथं ५० हवेत, आणि लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळे. प्रात्यक्षिकात हुशार म्हणून लेखीतले कमी भरून निघत नाहीत. नोकरी केलेल्या मुली वॉर्डात भारी असतात, अडतात त्या जीवरसायन आणि संख्याशास्त्रात. खरं तर संख्याशास्त्रातली सरासरी म्हणजे आपल्या गटाची सचिव दर महिन्याला काढते तीच. नाव मोठं आहे म्हणून घाबरायचं नाही. पण ते आठवड्याला एकदा नाही, रोज थोडं करावं लागतं.

दुसरा धक्का इंग्रजीचा. मराठी शाळेतून आलेली मुलगी पेशंटची सगळी हकीकत तोंडी मराठीत फडाफड सांगते, पेपरात दोन ओळींवर थांबते. आमच्याकडच्या एकीनं यावर साधा उपाय केला. रोज रात्री त्या दिवशी पाहिलेल्या एका पेशंटबद्दल दहा ओळी इंग्रजीत लिहायच्या, चुकल्या तरी चालेल. शंभर पानी तीन वह्या झाल्या. पेपरातलं उत्तर म्हणजे शेवटी तेच असतं, पेशंटला काय होतंय आणि नर्सनं काय करायचं. प्रवेशाआधीचे दोन-तीन महिने हातात असतील तर ही सवय तेव्हापासूनच लावावी.

तिसरं हजेरीचं. परीक्षेला बसायला तासांची आणि प्रात्यक्षिकांची किमान ८० टक्के हजेरी लागते. आणि पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाच्या ड्युट्या शंभर टक्के पूर्ण कराव्या लागतात. म्हणजे बुडालेली ड्युटी माफ होत नाही, नंतर भरून द्यावी लागते. पोराचा ताप, दिराचं लग्न, गावची जत्रा, पेरणी, सगळं मिळून त्या वीस टक्क्यांत बसवायचं. आम्ही घरच्यांना सांगतो, वीस टक्के हे आजारपणासाठी राखून ठेवा, लग्नकार्यात खर्चू नका. सुनेला तिच्या मामेसासऱ्याच्या साठीला चार दिवस यायलाच पाहिजे, असं म्हणणाऱ्या सासूबाईंना हा आकडा दाखवला की त्या गप्प होतात. बायकांना हिशेब लगेच कळतो.

याच कारणासाठी दुसऱ्या मुलाचा विचार प्रवेशाआधीच झाला पाहिजे. मधेच दिवस गेले तर हजेरी तुटते, वर्ष जातं आणि दोन वर्षांची पदवी तीन-चार वर्षांवर जाते. हा निर्णय नवरा-बायकोचा, त्यातही आधी तिचा. घरातल्या मोठ्यांनी 'आता एक नात होऊ दे' असं या काळात म्हणू नये. आणि आधीचं मूल दूध पितं असेल, तर एखादं वर्ष थांबून प्रवेश घेतला तरी काही बिघडत नाही. नोंदणी चालू असली की प्रवेश पुढच्या वर्षीही मिळतो.

मूल कोण सांभाळणार याचं उत्तर 'बघू' असं असू नये. नाव ठरलं पाहिजे, आणि ते आजारी पडलं तर दुसरं नावही. वसतिगृहात राहायचं की रोज ये-जा करायची? मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे ये-जा परवडते. पण सकाळी सातच्या ड्युटीला पहिली गाडी पोचते का, हे आधी एक दिवस स्वतः जाऊन बघा. एका बाजूला दीड तासाहून जास्त लागत असेल तर आमचा सल्ला वसतिगृहाचा. रोजचे तीन-चार तास रस्त्यात गेले की अभ्यास कुठून होणार? मूल आजीकडे राहील, शनिवारी रात्री आई येईल. पहिले पंधरा दिवस मूल रडतं, महिनाभरात आजीच्या मागे मागे फिरायला लागतं. आईला मात्र जास्त वेळ लागतो, हे आम्ही पाहिलंय.

रात्रपाळीबद्दल मुद्दाम बोलतो. रात्रपाळी करून आलेली सून सकाळी नऊला झोपते आणि दुपारी उठते. शेजारची बाई दारातून डोकावून म्हणते, 'काय गं, सून अजून झोपलीय?' तिथं सासूनं काय उत्तर द्यायचं, यावर त्या मुलीची दोन वर्षं अवलंबून असतात. एका गावात सासूबाईंनी सुनेच्या खोलीला बाहेरून कडी लावून ठेवली, कुणी उठवू नये म्हणून. आम्हाला आधी धक्काच बसला, मग हसू आलं. कडी लावू नका बायांनो, आग लागली तर काय? पण तो विचार चांगला होता.

आणखी एक गोष्ट घरी कुणाला दिसत नाही. चार-पाच वर्षं जिला सगळे 'सिस्टर' म्हणत होते, हाताखाली दोन मावश्या होत्या, ती पुन्हा विद्यार्थिनी होते. गणवेश वेगळा, हजेरीची वही, तिच्यापेक्षा लहान वयाच्या बाई तिला चादरीचे कोपरे कसे दुमडायचे ते सांगणार. पगार नाही, उलट आपणच फी भरतोय. पहिल्या तीन महिन्यांत 'सोडून देते' असे जे फोन येतात ते बहुतेक यामुळेच, अभ्यासामुळे नाही. अशा वेळी घरातल्या माणसानं 'आम्ही आधीच सांगितलं होतं' म्हणायचं नाही. ऐकून घ्यायचं, आणि पहिली अंतर्गत परीक्षा होईपर्यंत थांब, एवढंच सांगायचं. त्यात पास झाली की बहुतेकजणी सावरतात. नापास झाली तर मात्र आम्ही तिच्या बाईंना जाऊन भेटतो. त्या दिवशी घरचं एक माणूस बरोबर असलं तर बरं असतं.

तब्येतीचं थोडं. ब गटाच्या काविळीची, म्हणजे हिपॅटायटीस बीची लस तीन डोसांची असते, दुसरा डोस महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी. जीएनएमच्या वेळी पूर्ण झाली नसेल तर आता करून घ्यावी. वापरलेली सुई टोचली तर लपवायचं नाही. वाहत्या पाण्यानं साबण लावून धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, आणि लगेच वरिष्ठांना सांगायचं. एचआयव्हीचा धोका टाळायची औषधं जितकी लवकर सुरू होतील तितकी चांगली, दोन तासांत उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. 'बाई रागावतील' म्हणून रात्रभर गप्प बसलेली मुलगी आम्हाला माहीत आहे. सुदैवानं पुढं काही झालं नाही. पण ती रात्र तिनं कशी काढली असेल!

दोन वर्षं पार पडली, निकाल लागला, की एक काम लगेच करायचं. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे ही पदवी वाढीव पात्रता म्हणून नोंदवून घ्यायची, आणि मूळ नोंदणीचं दर पाच वर्षांचं नूतनीकरण कधी आहे ते बघायचं. शिकण्याच्या धावपळीत नूतनीकरण राहून जातं आणि भरतीच्या तोंडावर ध्यानात येतं. नोंदणी क्रमांक, पुढची तारीख आणि परिषदेच्या पावतीची एक झेरॉक्स घरातल्या ट्रंकेत, आणि मुलगी हो म्हणाली तर एक आपल्या गटाच्या फाइलमध्ये ठेवा.

येत्या महिन्यात ज्यांच्या घरात हा विषय आहे त्यांनी मासिक बैठकीला मुलीला किंवा सुनेला बरोबर घेऊन या. येताना जीएनएमचं प्रमाणपत्र, नोंदणीचा कागद, बारावीची गुणपत्रिका, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, आणि असेल तर विवाह नोंदणी आणा. हिशेबाची वही आम्ही आणतो.